जोर कुठून कुठे जातो

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात लोखंडाची एक मोडकी पट्टी असायची. लांबीला बोटभर, जाडीला सहा मिलिमीटर. तिला दोन भोकं होती, त्यातलं एक आता अर्धंच उरलंय. पॉलिटेक्निकमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकवताना धातूच्या थकव्याचा धडा आला की ती मी वर्गात न्यायचे. मुलं ती हातोहात फिरवायची. तुटलेल्या कडेवर भिंग धरलं की एकात एक बसलेल्या बारीक कमानी दिसतात, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. चीर जिथे थोडी पुढे सरकून थांबली, तिथे एक कमान. कोपऱ्यात नखाएवढा भाग मात्र खरबरीत, दाणेदार आहे. शेवटच्या दिवशी तुटला तो फक्त तेवढा भाग. उरलेली पट्टी त्याआधी कित्येक महिने, प्रत्येक ब्रेकला थोडी थोडी, आमच्या नकळत तुटत आली होती.

ही पट्टी माझ्या भावाच्या आरएक्स हंड्रेडच्या पुढच्या चाकाला होती. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं एका गॅरेजातून मूळच्या ड्रमऐवजी डिस्क ब्रेक करून घेतला. पुढच्या चाकाला धरणारा चिमटा एका गाडीचा, कॅलिपर दुसऱ्या गाडीचा आणि त्या दोघांची गाठ घालायला ही पट्टी. पट्टी जिथे कमी पडली तिथे तीन वॉशर घालून भरलेलं होतं. गगनबावडा मागे टाकून आम्ही करूळ घाट उतरत होतो. एका वळणाआधी भावानं ब्रेक दाबला, 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि लिव्हर थेट मुठीला जाऊन टेकला. मी मागे बसले होते. गाडी थांबली ती मागच्या ब्रेकवर आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात. भावाचं खांद्याजवळचं हाड मोडलं, माझा गुडघा फुटला. उठून पाहिलं तर कॅलिपर होज पाइपाला लोंबकळत होता. तो चाकाच्या आऱ्यांत गेला नाही, एवढ्यावर आम्ही वाचलो.

डिस्क चांगली होती, कॅलिपर चांगल्या कंपनीचा होता, पॅड नवे होते. मोडलं ते जिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं ते. गॅरेजवाल्यानं बघितलं नव्हतं, आणि त्या वेळी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मीही नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, बाबांच्या आरएक्सला पुढं डिस्क बसवायचीय. चिमटा मिळालाय, कॅलिपर मिळालाय. उद्यमनगरातले मामा करतायत. याल का बघायला?" मी ती पट्टी पर्समध्ये टाकली आणि गेले.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सकाळी दहाला पोचलं की आधी वास येतो. लेथवर जळणाऱ्या कूलंटचा, फौंड्रीतल्या वाळूचा आणि कोपऱ्यावर चहाबरोबर तळल्या जाणाऱ्या भज्यांचा. या गावाला मिस्त्रींची परंपरा आहे. यंत्रमहर्षी म्हणून ज्यांचं नाव इथे आजही आदरानं घेतात ते म्हादबा मेस्त्री याच गावचे. कुठलाही सुटा भाग टेबलावर ठेवा आणि "असाच करून द्या" म्हणा, तो करून देणारा माणूस इथे चार दुकानांच्या आत भेटतो. ज्यांच्याकडे मी गेले त्यांना सगळे नुसतं मामा म्हणतात. वय साठीच्या पुढं, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. दुकानात एक जुना लेथ, एक छोटं मिलिंग मशिन, एक पिलर ड्रिल आणि भिंतीवर एका रांगेत टांगलेले पाने. प्रत्येक पान्यामागे भिंतीवर त्याच्या आकाराची पांढरी रेघ, म्हणजे जागेवर नसलेला पाना लांबूनच कळावा.

बाकड्यावर सामान मांडलेलं होतं. नव्या पद्धतीच्या दीडशे सीसी गाडीचा पुढचा चिमटा, डाव्या बॉटमला, म्हणजे चिमट्याच्या खालच्या नळीला, कॅलिपरसाठी दोन कान असलेला. २६० मिलिमीटरची डिस्क प्लेट, तिच्या हबसकट. आणि तिसऱ्याच गाडीचा दोन पिस्टनचा कॅलिपर. मुलानं हौसेनं एकेक गोष्ट हातात घेऊन दाखवली. मामांनी ऐकून घेतलं, विडी विझवली आणि विचारलं, "हे समदं झालं. पर ब्रेक दाबल्यावर जोर कुठनं कुठं जातोय, त्ये सांग आधी."

मुलगा गप्प झाला. मीही क्षणभर गप्पच. माझ्या सगळ्या शिकवण्याचा गाभा त्या एका प्रश्नात होता आणि तो मी इतक्या सोप्या शब्दांत कधी विचारला नव्हता.

आरएक्स हंड्रेड आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. त्या वजनाला ती ताकद म्हणजे काय, हे ज्यानं चालवली त्यालाच ठाऊक. पण थांबायला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रमच. त्याच घराण्यातल्या मोठ्या भावाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जपानी यामाहा आरडी ३५० पुढच्या चाकाला डिस्क घेऊनच जगभर विकली गेली. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं तीच गाडी राजदूत ३५० या नावानं आपल्याकडे आणली. इंजिन तेच ३४७ सीसीचं, दोन सिलिंडरचं, फक्त मायलेजसाठी थोडं मवाळ केलेलं. गिअर तेच सहा. डिस्कच्या जागी मात्र ड्रम आला. किंमत आवरायची होती, सुटे भाग देशातच मिळायला हवे होते. कारणं समजतात. तरीही पळण्याची ताकद ठेवून थांबण्याची ताकद काढून घेणं मला आजही पटत नाही. त्या गाडीचे मालक तेव्हापासून जमेल तिथून पुढचा चिमटा आणि डिस्क मिळवून बसवत आले. आपल्याकडच्या 'डिस्क कन्व्हर्जन'च्या कारागिरीला त्या गरजेनं मोठी चालना दिली.

डिस्क म्हणजे काही काल-परवाची गोष्ट नव्हती. इटलीच्या लॅम्ब्रेटानं १९६२ मध्ये स्कूटरला पुढे डिस्क दिली होती. १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून द्रवाच्या दाबावर चालणारी डिस्क मोठ्या मोटरसायकलींचा नेम बनली. आपल्या रोजच्या गाड्यांना ती यायला नव्वदीचं दशक संपावं लागलं. आज चित्र उलटं आहे. डिस्क, कॅलिपर आणि चिमटे बनवण्यात महाराष्ट्र देशात पुढे आहे. चाकणला ब्रेंबोचा कारखाना आहे आणि 'बायब्रे' हे नाव असलेले कॅलिपर लहान-मध्यम गाड्यांवर आता सर्रास दिसतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला एन्ड्युरन्स चिमटे आणि ब्रेक दोन्ही बनवते. म्हणजे भाग चांगले आहेत, घराजवळ बनतात आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. अडतं ते एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीच्या भागाला भेटतो त्या जागी.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही तिघांनी मिळून बाकड्यावर खडूनं काढलं. आकडे मी घातले.

गाडी आणि चालवणारा मिळून १७५ किलो धरू. बोटांनी लिव्हर सहा किलोच्या जोरानं ओढला. लिव्हरच्या लांबीमुळे तो मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर साधारण सहापट होतो, म्हणजे ३६ किलो. दट्ट्याचा व्यास अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. कॅलिपरमधले दोन पिस्टन २८ मिलिमीटरचे. त्यांचं मिळून क्षेत्रफळ दट्ट्याच्या जवळजवळ दहापट. म्हणजे ३६ किलोचे झाले सुमारे ३५० किलो. तेवढ्यानं एक पॅड डिस्कला दाबतो, आणि कॅलिपर आपल्या पिनांवर सरकणारा असल्यामुळे पलीकडचा पॅडही तेवढ्यानंच दाबला जातो. पॅड आणि डिस्क यांचं घर्षण ०.४ धरलं तर डिस्कच्या कडेला पावणेतीनशे किलोचा ओढा तयार होतो. तो चाकाला थांबवतो. टायरपाशी त्याचे शंभर किलो उरतात, आणि ताशी साठच्या वेगातून गाडी पंचवीसेक मीटरमध्ये उभी राहते.

"आणि त्यो पावणेतीनशे किलो थांबतो कुठं?" मामांनी विचारलं.

डिस्क फिरते आहे, तिला कॅलिपरनं धरलंय. डिस्क कॅलिपरला आपल्याबरोबर ओढून नेऊ बघते. कॅलिपर गाडीबरोबर राहतो तो एवढ्याचसाठी, की त्याला कुणीतरी मागे धरून ठेवलंय. कंपनीच्या गाडीत ते काम बॉटमचे कान करतात. बॉटम ओततानाच ते त्याच्या अंगातून आलेले असतात, आणि कॅलिपर त्यांच्याच मापाचा असतो. इथे कानांमधलं अंतर वेगळं, कॅलिपरचं वेगळं, शिवाय डिस्क त्या चिमट्याच्या मूळ डिस्कपेक्षा वीस मिलिमीटर मोठी. म्हणून मध्ये पट्टी. बोटापासून निघालेला सगळा जोर, रस्त्याकडे जायच्या आधी, त्या पट्टीतून जातो. पावणेतीनशे किलो म्हणजे सिमेंटची साडेपाच पोती. ती साडेपाच पोती दिवसातून शेकडो वेळा पट्टीला लटकवायची आणि काढायची.

तेव्हा मी पर्समधून आमची पट्टी काढून मामांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि ती डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ कडेवरून अंगठा फिरवला. "ग्यासनं कापलीया," ते म्हणाले. "आणि ह्यो आतला कोपरा बघा, काटकोनात. हितनंच सुरवात झालीया." ज्या जागी त्यांचं नख थांबलं, तिथूनच त्या कमानी निघतात. भिंगाखाली बघायला मला पंधरा मिनिटं लागली होती.

आता बसवायचं काम. ते तीन दिवस चाललं आणि त्यातला पहिला नुसत्या मापात गेला. चिमटा त्याच्या स्वतःच्या टी-सकट घ्यायचा, की पाइप जुन्या टीमध्ये बसवायचे, स्टेमची लांबी जुळते का, कोनसेट कोणता, नव्या चिमट्यानं गाडीचं तोंड किती वर किंवा खाली गेलं. हे सगळं मामांनी आधीच निस्तरलं होतं, आणि ते काम कुणीही जाणता मेकॅनिक करू शकतो. चाकही तयार होतं. डिस्कचा हब, जुन्या मापाची रिम, नवे आरे. माझं सगळं लक्ष पट्टीच्या त्या चार इंचांवर होतं.

मामांनी आधी चाक एक्सलवर घातलं, बुश दोन्हीकडून बसवून मधोमध आणलं आणि एक्सल पूर्ण आवळला. अर्धवट आवळलेल्या एक्सलवर घेतलेलं माप फसवतं. मग डायल गेज बॉटमला लावून डिस्क हातानं हळूहळू फिरवली. काटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत हलला. म्हणजे डिस्क सरळ होती. ती वाकडी असती तर पुढचं सगळं तिच्या वाकडेपणाला जुळवून झालं असतं.

मग कॅलिपर. तो डिस्कवर हातानं नुसता घातला. दोन्ही पॅडच्या मागे सारख्या जाडीच्या पत्र्याच्या चकत्या सरकवल्या, म्हणजे कॅलिपर आपोआप डिस्कच्या मधोमध उभा राहिला. पॅडची वरची कड डिस्कच्या बाहेरच्या कडेच्या एखादा मिलिमीटर आत हवी. कॅलिपर फार बाहेर गेला तर पॅडचा काही भाग हवेत राहतो, झिजत नाही, आणि काही महिन्यांत त्याची कड तयार होऊन डिस्कवर घासते. फार आत गेला तर कॅलिपरचं अंगच डिस्कला लागतं. हवी ती जागा सापडल्यावर मामांनी कॅलिपर लवचिक तारेनं आणि लाकडी पाचरींनी तिथेच बांधला, आणि मुलाला म्हणाले, "जा, वहीचा पुठ्ठा आण."

पुठ्ठ्याचा तुकडा कान आणि कॅलिपर यांच्यामध्ये धरला, चारही भोकांवर अंगठ्यानं दाबला. पुठ्ठ्यावर चार गोल उमटले. तो कापला, परत लावून बघितला, कड दोनदा छाटली. मग त्याच्यावरून तीन मिलिमीटरच्या प्लायचा नमुना केला. त्यात भोकं पाडली, बोल्ट घातले आणि चाक फिरवलं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, चिमटा पूर्ण दाबून होज कुठे ताणतो, कुठे टायरला लागतो ते बघितलं. प्लायचा दुसरा तुकडा करावा लागला, कारण एक भोक अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं होतं. मी त्या वेळी म्हणाले, भोक थोडं लांबट केलं तर चालणार नाही का? मामांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तेवढ्यात मलाच कळलं. लांबट भोकात बोल्ट सरकायला जागा मिळते. पावणेतीनशे किलोच्या समोर ती जागा म्हणजे रोजचा एक हातोडा.

खरी अडचण जाडीची होती. कान आणि कॅलिपरचं बूड एका पातळीत नव्हते. कॅलिपरला कानाच्या पातळीपेक्षा चार मिलिमीटर आत यायचं होतं. दहा मिलिमीटरची सपाट पट्टी लावली असती तर तो दहा मिलिमीटर आत गेला असता. भावाच्या गाडीत हीच अडचण उलट्या बाजूनं होती आणि ती वॉशरनं सोडवली होती. वॉशरची चळत घातली की बोल्ट उघडा पडतो. जोर बोल्टाला कापत नाही, वाकवतो, आणि वाकण्यात बोल्ट फार लवकर दमतो. मामांनी जाड पट्टी घेऊन तिच्यात पायरी करायचं ठरवलं. दोन्हीकडचे भाग दहा-दहा मिलिमीटर जाडीचे, पण कॅलिपरकडचा भाग मिलिंगवर कानाकडच्यापेक्षा सहा मिलिमीटरनं खाली उतरवलेला. सगळं एका तुकड्यात, वॉशर एकही नाही.

कशाची करायची, यावर थोडा वाद झाला. मुलाला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची हवी होती. फोटोत तशाच दिसतात. मामांनी कपाटातून दोन ठोकळे काढले. "ह्यातला चांगला कुठला, सांग बघू." दोन्ही सारखेच दिसत होते. भंगारातून आलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा दर्जा डोळ्यांना कळत नाही. विमानाच्या कामाचं असतं तसं मजबूत आणि दाराच्या चौकटीचं असतं तसं मऊ, दोन्ही एकाच रंगाचं. ग्रेडचा कागद असता तर गोष्ट वेगळी. कागद नव्हता म्हणून 'एन-एट' पोलाद ठरलं. ते मामा रोज कापतात, त्याचा स्वभाव त्यांच्या हाताला माहीत आहे, आणि कॅलिपरचे आटे त्यात नीट बसतात. सोळा मिलिमीटर जाडीचा तुकडा घेतला, म्हणजे पायरी उतरवल्यावरही आट्यांना दहा मिलिमीटर उरतात.

कापताना कुठेही गॅस लावला नाही. हॅक्सॉ, मग मिलिंग. आतल्या कोपऱ्यापाशी आल्यावर मामांनी गोल तोंडाचं कटर लावलं आणि पायरीच्या मुळाशी तीन मिलिमीटरचा गोलवा ठेवला. नंतर कानशीनं सगळ्या कडा मारल्या, शेवटी बारीक पॉलिश पेपर, आणि तोही जोराच्या दिशेनं, आडवा नाही. आडवा ओरखडा म्हणजे चिरेला दिलेली जागा. हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलंय. एका माणसाला ते तोंडानं काही न बोलता, नुसत्या मनगटाच्या दिशेनं करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

बोल्टांबद्दल मी जरा अडून बसले आणि लिहितानाही अडून बसणार आहे, कारण इथेच सर्वांत जास्त हेळसांड होते. आठ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ असं उमटवलेले बोल्ट घेतले. तो आकडा नसलेला बोल्ट ब्रेकच्या जवळपासही येऊ नये. असा एक बोल्ट पंचवीस न्यूटन-मीटरनं आवळला की तो पट्टीला कानावर सुमारे दीड टनाच्या जोरानं दाबून धरतो. दोन बोल्ट मिळून तीन टन. त्या दाबामुळे पट्टी आणि कान एकमेकांना घट्ट चिकटून राहतात, आणि पावणेतीनशे किलोचा ओढा पेलतं ते त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. बोल्ट नीट आवळलेला असेल तर ओढा त्याच्या अंगावर येतच नाही. तो नुसता दाबून धरतो. सैल झाला की मात्र सगळा जोर त्याच्या मानेवर येतो. म्हणून टॉर्क पाना. मामांकडे तो होता, तेलानं पुसून त्याच्या लाकडी पेटीत ठेवलेला. "हातानं कळतंय मला," ते म्हणाले, "पर हात रोज सारखा नसतोय."

बॉटमच्या कानाचे आटे तपासताना एक भोक थोडं ढिलं निघालं. जुन्या बाजारातल्या चिमट्याला हे असायचंच. ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे गेले की मोठा बोल्ट ठोकून भागवतात, किंवा वेल्डिंग करून परत भोक पाडतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं कानाची ताकद जाते आणि वरून ते दिसत नाही. मामांनी भोक मोठं करून त्यात पोलादी तारेचा आटा बसवला, मूळ मापाचा बोल्ट पुन्हा घट्ट बसेल असा.

शेवटी ब्रेक ऑइल. सगळे त्याला ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे, आणि ते हवेतली ओल पितं. नव्या डॉट-फोर द्रवाला किमान २३० अंशांपर्यंत उकळी येऊ नये असं मानक आहे. ओल प्यायलेल्या द्रवासाठी ती मर्यादा १५५ वर येते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली दुसऱ्या दिवशी कामाची नाही. ताशी साठच्या वेगातून एकदा थांबताना जी उष्णता तयार होते, तिच्यावर एका कटिंग चहाचं पाणी उकळेल. घाटात अशी कटिंग मिनिटा-मिनिटाला. द्रव उकळला की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर मुठीला टेकतो. मामांच्या पोरानं बाटलीचं सील आमच्यासमोर फोडलं. एकानं लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं निपल पाव फेरा उघडून बंद करायचा, पारदर्शक नळीतून बुडबुडे जाताना बघायचे. अर्धा तास. शेवटचा बुडबुडा बॅन्जो बोल्टपाशी अडून बसला होता, तो कॅलिपरवर पान्याच्या दांड्यानं टकटक केल्यावर सुटला.

एवढं सगळं केलेलं काम कायद्याच्या नजरेत काय आहे, तेही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलण्याच्या मंजूर किटसारख्या गोष्टींना तिथे वाट ठेवलेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळमधल्या एका प्रकरणात मूळ रचनेशी विसंगत बदलांच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. मी हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं. गाडी फक्त रेसिंग ट्रॅकसारख्या बंदिस्त जागी चालवणार की रस्त्यावर, हा निर्णय त्याचा आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

कायद्याचा हेतू मला पूर्ण पटतो. मी त्या घाटात पडलेली आहे. पण २०१९ च्याच एप्रिलपासून सरकारनं १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं केलं. थांबणं महत्त्वाचं आहे हे मान्य झालं ते नव्या गाड्यांपुरतं. रस्त्यावरच्या जुन्या ड्रमच्या गाडीला चांगला ब्रेक हवा असेल, तर एखाद्या मालकानं आपली एक पट्टी घेऊन कुठे जावं? जर्मनीत अशा एकट्या गाडीचा बदलही टीयूव्हीसारख्या संस्थेचा अभियंता बघतो. धातू, मापं, बोल्ट तपासतो आणि गाडीच्या कागदात त्याची नोंद होते. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, देशभरच्या गाड्यांचे ब्रेक तिथे तपासले जातात. तिथलं ज्ञान उद्यमनगरातल्या मामांच्या बाकड्यापर्यंत यावं, एक साधा तक्ता, एक तपासणीची चिठ्ठी, एवढ्या रूपात तरी, असं मला मनापासून वाटतं. बंदी असूनही पट्ट्या बनतच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक आमच्या पट्टीसारख्या बनतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. मामांनी प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून पट्टीवर येईल अशी लाल रंगाची बारीक रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. मग रिकाम्या मैदानात आधी वीसच्या वेगानं, मग तीस, मग चाळीस. प्रत्येक वेळी हळूहळू दाबत, पॅड बसू देत. मी पट्टीला हात लावून बघत होते. ती कोमट होती, डिस्क मात्र हात लावू देत नव्हती. मुलगा हेल्मेट काढून म्हणाला, "मॅडम, दोन बोटांत थांबतीय!" त्याच्या बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि काही न बोलता जुन्या ड्रमचा हब पिशवीत घालून घेतला.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत आणायची, असं मामांनी बजावलं होतं. महिन्यानं मुलगा आला, मीही गेले. लाल रेघा सगळ्या अखंड. मी समाधानानं मान हलवली. मामांनी तरीही टॉर्क पाना पेटीतून काढला. खालचा बोल्ट 'कट्' असा आवाज यायच्या आधी जवळजवळ पाव फेरा फिरला. वरचाही थोडा फिरला.

मामांचा चेहरा बदलला. त्यांनी कॅलिपर उतरवला, पट्टी सोडली आणि तिची कानाकडची बाजू उजेडात धरली. ती काळी होती. मुलानं दुसऱ्या रात्री गंज लागू नये म्हणून पट्टी घरी नेऊन स्प्रे मारला होता, दोन हात, सगळीकडून. सकाळी मामांच्या पोरानं ती तशीच बसवली होती. बोल्टाखाली रंगाचा थर दबत दबत पातळ झाला होता आणि दीड टनाचा दाब उतरत गेला होता. बोल्ट जागचा फिरला नव्हता, म्हणून रेघ सरळ होती.

"चूक माझी हाय," मामा म्हणाले. "लावायच्या आधी मी बघाय पायजे हुतं." मुलगा काहीतरी बोलायला गेला, त्यांनी हातानं थांबवलं. बाकड्यावर काच ठेवली, काचेवर पॉलिश पेपर, आणि पट्टीची ती बाजू आठाच्या आकड्यात घासायला घेतली. रंग गेला, खालचं पोलाद पांढरं चमकायला लागलं. कान कापडानं पुसला, पट्टी लावली, चारही बोल्ट नवे घेतले, थोडे थोडे आळीपाळीनं आवळले. या वेळी रेघ पिवळ्या रंगाची ओढली, जुनी आणि नवी यांत घोळ नको म्हणून.

"पाचशेनं परत ये," ते मुलाला म्हणाले, आणि पाना पुसून पेटीत ठेवला.

निघताना मी आमची पट्टी शोधू लागले. ती मामांच्या लेथमागच्या खिळ्याला, पान्यांच्या रांगेत टांगलेली होती, आणि तिच्यामागेही भिंतीवर पांढरी रेघ ओढलेली होती. मी ती तिथेच ठेवली. वर्गासाठी मला आता दुसरं काहीतरी शोधावं लागेल.